तुम्ही काय लावता

'माझंच काहीतरी चुकत असणार,' त्या बाई म्हणाल्या आणि रुमालात गुंडाळून आणलेली डबी त्यांनी काउंटरच्या काचेवर ठेवली, फुटेल की काय अशी जपून. तक्रार करायला आलेलं माणूस असं बोलत नाही. ती स्वतः पंधरा वर्षं ह्या काउंटरमागे क्रीम विकत उभी होती. तक्रारवाल्यांना ती चांगली ओळखून होती. ते लांबूनच आवाज चढवत येतात, डबी आपटतात, पावती नाचवतात, आणि त्यांना गोड बोलून वाटेला लावणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. ह्या बाईंच्या हातात पावती नव्हती. त्यांनी मान थोडी वर केली तेव्हा दुकानाच्या पांढऱ्या, निर्दय उजेडात त्यांचा चेहरा तिला पुरता दिसला. दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर तांबडे चट्टे, नाकाच्या कडेनं सुटलेले पापुद्रे, ओठांच्या कोपऱ्यांत बारीक चिरा. आणि एवढं सगळं असून बाई हसत होत्या; पूर्ण हसलं की कातडी ओढली जात असावी, म्हणून अर्ध्यावरच थांबत होत्या. 'तुम्ही सांगितलंत तसंच लावते,' त्या म्हणाल्या. 'सकाळी आणि झोपताना. पण फार झोंबतं हो. तुमच्यासारखं काही होत नाही. किती घ्यायचं, कसं चोळायचं, ते परत एकदा दाखवाल का?'

तुमच्यासारखं. बाईंना ती विसरली नव्हती. विसरायला तीनच आठवडे झाले होते, आणि त्यातली एकही दुपार अशी गेली नव्हती की डबीचं सोनेरी झाकण फिरवताना त्या बाई तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेल्या नाहीत. त्या दिवशी महिनाअखेर होती. मजल्याचा मॅनेजर, ज्याला काउंटरवरच्या मुली आपापसात 'टार्गेट' म्हणत, सकाळपासून तिच्याभोवती घिरट्या घालत होता. बाटल्या विकल्या गेल्या होत्या, ट्यूब विकल्या गेल्या होत्या, पण 'परिपक्व त्वचे'ची ती जाड काचेची डबी एक कमी पडत होती. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून, जिथं सवलतीतल्या बाटल्या टोपल्यांत ओतून ठेवलेल्या असतात तिथून, ह्या बाई आल्या. टोपलीतली एकेक बाटली उचलून, ओठ हलवत तिच्यावरचं बारीक छापलेलं वाचत त्या बराच वेळ उभ्या होत्या. केसांत पांढरं काहीतरी भुरभुरलेलं होतं. तिला आधी पावडर वाटली, मग कळलं की मैदा आहे. 'मला जरा सांगता का,' त्या म्हणाल्या होत्या, 'चेहरा फार सुकतो माझा. वयही झालंय, बावन्न. त्यात भट्टीसमोर काम, पुलाखालच्या बेकरीत. जास्त महाग नको. पण बरं असावं.' डॉक्टरलासुद्धा कुणी इतकं नेमकं सांगत नाही. ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. खालच्या फळीवर, बिनवासाचं, साध्या डब्यातलं. आणि त्याहूनही स्वस्त हवं तर बाहेर पडून पहिलं औषधाचं दुकान. हे तिला स्वतःचा पत्ता माहीत असावा तसं माहीत होतं.

त्याऐवजी तिनं बाईंना उंच खुर्चीवर बसवलं. बाईंचे पाय खालच्या दांडीपर्यंत पोचत नव्हते, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली होती. तिनं आरसा ओढला, दिवा वळवला आणि शिकवलेल्या पद्धतीनं दोन बोटं बाईंच्या गालावर ठेवली. गाल गरम होता, आणि खरखरीत, उन्हात राहिलेल्या चादरीसारखा. बाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, 'मुलगा येतोय. सात वर्षांनी. परवा फोनवर व्हिडिओत बघून म्हणाला, आई, तोंडाला काय झालं तुझ्या?' मग त्यांनी डोळे उघडले, आरशात बघितलंच नाही, फळीकडेही नाही; सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, 'तुम्ही काय लावता?' हा प्रश्न तिला रोज चार जणी विचारत. पण त्या विचारत ते डबीकडे बघत. त्यांचं घ्यायचं ठरलेलंच असे, फक्त एक धक्का हवा असे. ह्या बाईंना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. एका बाईनं दुसरीला विचारावं, वाट कुठं जाते म्हणून विचारावं, तसं. आणि तिचा हात आपला आपण सोनेरी झाकणाकडे गेला. 'हेच,' ती म्हणाली. बाईंनी किंमत ऐकली, पिशवीची वादी बोटाला गुंडाळली, सोडली, आणि म्हणाल्या, 'द्या. तुमचा चेहराच सांगतोय म्हटल्यावर.'

तिचा चेहराच सांगायचा, हे खरं होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला असल्या दुकानात कोण उभं करतं? तिच्याबरोबरच्या सगळ्या एकेक करून गोदामात, बिलांच्या खिडकीत किंवा घरी गेल्या होत्या. ती राहिली ती गालांमुळे. 'ताईंच्या गालावरून माशी घसरेल,' असं मुली म्हणत, आणि टार्गेट चांगल्या कपड्यांतली गिऱ्हाइकं घेऊन यायचा आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, 'आमच्या ताईंकडे बघा, आणखी काय सांगू?' ती मान जराशी तिरकी करून उजेडात धरायची. कुणी कधी विचारलं नाही की ताई, ही डबी तुम्ही खरंच लावता का. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं की प्रशिक्षणाच्या वेळी चार दिवस लावली होती, गालांची आग झाली, पाचव्या दिवशी सोडली. त्या डबीत जुनी कातडी सोलून काढणारं आम्ल होतं आणि फुलांचा भारी वास होता. ज्यांची कातडी मुळात जाड, तेलकट, थंड खोलीत बसणारी, त्यांना ती चालत असेलही. भट्टीनं भाजलेल्या गालांना ती लावू नये हे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतच छापलेलं होतं. चौदाव्या पानावर. तिला पानसुद्धा आठवत होतं.

आता टार्गेट खांबाशी उभा राहून फोनमध्ये बघतोय असं दाखवत होता. ती बाईंच्या चट्ट्यांकडे बघत होती आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, मऊ, समजूतदार, पंधरा वर्षं घोटलेला: 'थोडं कमी घ्या. एक दिवसाआड लावा. सवय होईपर्यंत थोडं झोंबतंच.' 'एक दिवसाआड,' बाई पाठ केल्यासारखं म्हणाल्या. त्यांनी डबी परत रुमालात गुंडाळली, गाठ मारली. 'बघा, मी रोज लावत बसले. उगाच तुमचा वेळ घेतला.' आणि त्या सरकत्या जिन्याकडे गेल्या. कठड्याला धरून, पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा क्षण चुकू नये म्हणून क्षणभर थांबल्या. तिला वाटलं, हाक मारावी. पण हाक मारायला नाव लागतं, आणि नाव विचारायचं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दिवसभर ती विकत राहिली. हात चालत होते, तोंड चालत होतं. आत मात्र ती एकच गोष्ट उलटसुलट करून बघत होती. पहिलं खोटं ती कदाचित पचवू शकली असती. ते जिभेला लागलेल्या वळणाचं होतं, महिनाअखेरीचं होतं, दहा हजार वेळा बोललेलं होतं. दुसरं तसं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिनं ते चट्टे पाहिले होते, ते का उठले हे तिला ठाऊक होतं, आणि समोरचं माणूस सगळा दोष स्वतःकडे घेऊन मोकळं झालेलं होतं. तिनं फक्त तो दोष उचलून बाईंच्या ओटीत नीट बसवून दिला. एक दिवसाआड. म्हणजे आग एक दिवसाआड. घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा निवृत्त होईपर्यंत जमिनींचे नकाशे काढत असे आणि अजूनही भिंग घेऊनच वर्तमानपत्र वाचत असे. त्यानं भिंग खाली ठेवलं नाही. 'विकायला बसलेलं माणूस आणखी काय सांगणार?' तो म्हणाला. 'तू काय विष दिलंस तिला? चेहऱ्याची क्रीम ती.' 'तिनं मला विचारलं होतं,' ती म्हणाली. 'विचारलं म्हणून तर विकलीस,' तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात काहीच चूक सापडेना म्हणून ती उठून न्हाणीघरात गेली.

तिथं तिनं दुकानाचा रंग पुसला, तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या गालांनी पांढऱ्या मलमाचा डबा उघडला. हे मलम तिच्या आईचं. आई इस्पितळात आया होती, बायकांच्या वॉर्डात, सव्वीस वर्षं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठी फुटू नयेत म्हणून त्यांना चोळायचं ते हे मलम. त्याला ना वास, ना रंग, ना कौतुक. आई एका चपट्या डबीतून थोडं घरी आणायची आणि थंडीत सकाळी लेकीला धरून तिच्या तोंडाला लावायची. 'आधी तोंड ओलं हवं,' आई सांगायची. 'कोरड्यावर चोपडलंस तर नुसतं वर बसेल. पाणी आत कोंडायचं गं, हे फक्त झाकण.' शाळेला जाताना जिन्याच्या वळणावर थांबून ती फ्रॉकच्या टोकानं ते सगळं पुसून काढायची, कारण वर्गातल्या मुली म्हणायच्या, ही तळून आलीय. आईला ते माहीत होतं की नव्हतं, कळलं नाही. पुढं ही नोकरी लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं कर्मचाऱ्यांच्या सवलतीत ती सोनेरी झाकणाची डबी घेतली आणि भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहणाऱ्या आईच्या हातात ठेवली. 'आता ते वॉर्डातलं बंद,' असं ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. आईनं डबीचा वास घेतला, झाकणावरून अंगठा फिरवला. पुढच्या खेपेला तिनं विचारलं, 'कसं वाटतंय?' 'मखमल,' आई म्हणाली. त्यानंतर दर दोन महिन्यांनी ती डबी नेऊन द्यायची आणि दर वेळी आई म्हणायची, मखमल. आई गेल्यावर, कपाट आवरताना, वहिनी सहज बोलून गेली, काहीही मनात न ठेवता: 'गालाची फार आग व्हायची त्यांच्या त्या डबीनं. मी म्हटलं, नका ना लावू. तर म्हणाल्या, पोरीनं आणलंय. मलाच नीट लावता येत नसेल.' ती तेव्हा घडी घातलेल्या चादरी मोजत होती. त्या तिनं परत पहिल्यापासून मोजल्या. कपाटाच्या तळाशी वॉर्डातल्या मलमाची डबी अर्धी भरलेली सापडली ती तिनं पिशवीत टाकली, आणि त्या रात्रीपासून ते मलम लावायला लागली. सौंदर्यासाठी नव्हे, हे तिचं तिला माहीत होतं. कुणाची तरी माफी मागायची राहून जाते तेव्हा माणूस काहीतरी रोज करत राहतं, तसं. आणि गंमत अशी की त्यानं गाल सुधारले. नऊ वर्षांत इतके सुधारले की तिची नोकरी त्या गालांवर टिकली, आणि त्या गालांच्या जोरावर ती लोकांना ती डबी विकत राहिली. हे तिनं आजवर अशा सरळ ओळीत मांडून पाहिलं नव्हतं. न्हाणीघराच्या आरशात तोंड ओलं ठेवून ती किती वेळ उभी होती कोण जाणे. पाणी सुकून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. घरातलं आवरून, तोंड नीट रंगवून ती बाहेर पडली. रंगाशिवाय ती दळण आणायलासुद्धा जात नसे. कोपऱ्यावरचा औषधवाला तिला बघताच वळला आणि फळीवरून पांढरा डबा काढत म्हणाला, 'पायांचं मलम ना?' नऊ वर्षं तिनं त्याला हेच सांगितलं होतं. कुणी विचारलं नसतानाही सांगितलं होतं, टाचा फुटतात म्हणून. आज चेहऱ्याचं म्हणावं असं तिच्या मनात आलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, औषधवाल्याला त्याचं काही सोयरसुतकही नव्हतं. 'हो,' ती म्हणाली, 'पायांचं,' आणि डबा घेऊन बाहेर आली. तेव्हा तिला कळलं की आज जे करायचं आहे ते सोपं जाणार नाही.

पुलाखालची बेकरी सापडायला वेळ लागला नाही. वास धरून गेलं की झालं. मागच्या दारानं आत पाऊल टाकलं तर तोंडावर गरम हवेचा पडदाच येऊन आदळला. भट्टीचा पंखा धडधडत होता. तीन-चार बायका उलट्या खोक्यांवर बसून चहा पीत होत्या आणि त्या बाई भट्टीतून लांब फावड्यानं पाव बाहेर ओढत होत्या, डोक्याला फडकं, तोंड भट्टीच्या उजेडात तांबूस. चट्टे तांबूसपणात मिसळून गेले होते. तिला पाहून बाई आधी खुलल्या, मग घाबरल्या. 'तुम्ही इथं? दुकानाचं काही राहिलं का माझ्याकडून?' 'नाही, नाही. मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं. बाहेर येता?' 'बोला ना इथंच, पाव करपतील.' तेव्हा ती जवळ गेली आणि म्हणाली, 'मी ती क्रीम लावत नाही.' 'काय?' पंख्याचा आवाजच एवढा होता. 'मी ती क्रीम लावत नाही,' ती मोठ्यानं म्हणाली. बाईंनी कानामागे हात धरला. ती आणखी मोठ्यानं, जवळजवळ ओरडून म्हणाली, 'मी कधीच लावली नाही. चार दिवस लावली, झोंबली, सोडून दिली.' आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी पंख्याचं बटण बंद केलं, त्यामुळे शेवटचे शब्द त्या खोलीत एकटेच उभे राहिले. चहा पिणाऱ्या बायका बघायला लागल्या.

तिनं घाईघाईनं पिशवीतून डबा काढला. 'मी हे लावते. ओल्या तोंडावर. साबण बंद करा, ती क्रीम बंद करा, आठ दिवसांत फरक पडेल.' बाईंनी हात फडक्याला पुसून डबा घेतला, फिरवून बघितला. खोक्यावरची एक जण वाकून बघत म्हणाली, 'अगं, हे तर आपलं टाचांचं,' आणि बाकीच्या हसल्या, वाईट हेतूनं नाही, कामाच्या जागी हसतात तशा. त्या बाई हसल्या नाहीत. 'मी काही डबी परत करायला आले नव्हते,' त्या म्हणाल्या. 'माहीत आहे मला.' 'पैसेही मागितले नाहीत.' 'नाही मागितलेत.' 'मग आता हे कशाला? काल माझ्याकडे नीट बघितलंत आणि वाटलं का, हिला नाही शोभत, हिला टाचांचं पुरे?' एवढ्या वर्षांत खोटं किती सहज गळी उतरलं होतं. आणि हे खरं, हातात घेऊन आलेलं, दिसतही होतं, तर ते अपमानासारखं दिसत होतं. 'तसं नाही हो,' ती म्हणाली. 'नळ कुठं आहे?'

नळ मोरीत होता, पीठ लागून पांढरा पडलेला. तिनं खाली वाकून तोंड धुतलं, रुमालानं खसाखसा पुसलं, परत धुतलं. रुमालावर गालांचा रंग उतरला, भुवया उतरल्या, ओठ उतरले. मग ती त्या सगळ्यांसमोर तशीच येऊन उभी राहिली. लग्नानंतर नवऱ्याशिवाय कुणी हे तोंड बघितलं नव्हतं. डोळ्यांखाली पिशव्या होत्या, कपाळावर तपकिरी डाग होते, वरच्या ओठावर दोरा ओवावा तशा उभ्या रेघा. 'हात लावून बघा,' ती म्हणाली. बाईंनी फावडं भिंतीला टेकवलं आणि पिठाचा हात तिच्या गालावर ठेवला. पाव विकत घेण्याआधी दाबून बघावा तसं दाबून बघितलं. 'मऊ आहे,' त्या म्हणाल्या, जरा नाराजीनंच. 'पण सुरकुत्या आहेत की तुम्हाला.' 'आहेत. त्या जात नाहीत. कशानंही जात नाहीत. आग होत नाही, कातडी फुटत नाही, एवढंच.' 'मग ती एवढी महाग कशाला विकता?' खोक्यावरच्या बाईनं विचारलं. विचारणारीला उत्तर नकोच होतं; तिनं चहाचा कप विसळायला घेतला.

त्या बाई मात्र तिच्याकडेच बघत होत्या. 'एक विचारू?' त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. 'त्या दिवशी मला खुर्चीवर बसवलंत. दिवा लावलात. गालाला हात लावलात. माझ्या तोंडाला असा कुणी हात लावला त्याला जमाना झाला. घरी जाईपर्यंत मला तेच आठवत होतं, क्रीम नाही. ते पण विकण्यासाठीच होतं?' नाही म्हणणं अगदी जिभेवर होतं. तो मऊ, समजूतदार आवाज तयारच होता. 'आधी हो,' ती म्हणाली. 'आणि मग?' 'मग हाताला तुमचा गाल माझ्या आईसारखा लागला.' एवढ्यावर थांबता आलं असतं. एवढ्यावर थांबली असती तर बाईंनी तिला जवळही घेतलं असतं कदाचित. 'आणि तो तसा लागल्यावरही मी ती विकली,' ती म्हणाली. बाईंनी फावडं उचललं, भट्टीचं दार उघडलं, पावांची एक रांग बाहेर ओढली, पाठमोऱ्याच. उष्णतेनं तिचं धुतलेलं तोंड ताणलं जायला लागलं. फावडं परत भिंतीला टेकवत बाई म्हणाल्या, 'तो येत नाहीये. माझा मुलगा. गेल्या आठवड्यातच कळवलं.' 'मग काल तुम्ही दुकानात…' 'चेहरा काय त्याचा आहे का?' बाई म्हणाल्या. 'तो येवो नाहीतर न येवो, रोज आरशात मलाच बघायचंय.'

डबा अजून पावांच्या फळीवर होता. तो परत घ्यावा की ठेवून जावं हे तिला कळेना. 'लावून दाखवू?' तिनं विचारलं. 'इथं नको,' बाई म्हणाल्या. 'चुकीचं कुठं शिकवलंत? तिथं. खुर्चीवर बसवून, दिवा लावून. मग बरोबर काय ते पण तिथंच शिकवा. हा डबा घेऊन येईन मी.' तिला टार्गेट दिसला, काचेचं काउंटर दिसलं, त्यावर हा पांढरा, ओबडधोबड अक्षरांचा डबा दिसला. 'या,' ती म्हणाली.

बाई शनिवारी संध्याकाळी आल्या, ऐन गर्दीच्या वेळी. केस धुऊन बांधलेले, अंगात इस्त्रीचे कपडे. चट्टे उतरले होते, कडेनं थोडे तांबूस उरले होते. क्रीम बंद केली असणार. त्या आपण होऊन उंच खुर्चीवर चढल्या, पिशवी उघडली आणि डबा काचेवर ठेवला, सोनेरी झाकणांच्या रांगेसमोर. काचेवर त्याचा चांगलाच आवाज झाला. तिनं दिवा वळवला. कापूस भिजवायला हात पुढे केला, तेवढ्यात खांबाआडून टार्गेट येताना दिसला, त्याचं ते गिऱ्हाइकांसाठीचं हसू घेऊन. आणि तिचा हात, जो कापसाकडे निघाला होता, तो वळला आणि डब्यावर जाऊन बसला. पूर्ण तळवा, बोटं मिटलेली. तिनं ठरवलं नव्हतं. बेकरीत सगळ्यांसमोर उघडं तोंड घेऊन उभी राहिलेली बाई जणू दुसरीच कुणीतरी होती. बाईंनी तो हात बघितला. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं डोळे खाली घातले.

'मॅडम, अगदी योग्य माणसाकडे आलात तुम्ही,' टार्गेट म्हणाला. 'आमच्या ताईंच्या चेहऱ्याकडे बघा आणि तुम्हीच ठरवा.'

'बघितलाय,' बाई म्हणाल्या. 'जवळून बघितलाय. ह्यांनी मला सगळं खरं सांगितलंय.'

'ताई आहेतच तशा,' तो खूश होऊन म्हणाला, आणि पलीकडच्या काउंटरवर कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेला. तिच्या गालांवर रंगाचे दोन थर होते, त्याखाली रक्त कानांपर्यंत चढलं. बाई तिला उघडी पाडू शकल्या असत्या, एका वाक्यात. त्यांचा तो हक्कही होता. त्यांनी ते केलं नाही, आणि हे सोसणं तिला अवघड जात होतं. तिला वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आजूबाजूला लोक बाटल्या उघडून वास घेत होते, मुली हसून बोलत होत्या, सरकता जिना माणसं वर आणून सोडत होता. बाईंनी आरशात स्वतःकडे एकदा नीट बघून घेतलं, केस कानामागे सारले, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

'गेला तो,' मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या. 'आता काढा हात.'